सर्व्हर थांबला तरी सेवा थांबू नये

‘सर्व्हर बंद आहे, उद्या या’ हे वाक्य आज कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी ऐकावयास मिळते. ते सांगणारा कर्मचारी खोटे बोलत नसतो आणि ऐकणाऱ्या नागरिकास त्यापुढे काही विचारता येत नाही. पाऊस पडला, समुद्र खवळला, त्याचप्रमाणे सर्व्हर बंद पडला, अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत अर्धीच खरी आहे. यंत्र हे केव्हा ना केव्हा बंद पडणारच. परंतु यंत्राबरोबर सेवाही बंद पडावी, असा मात्र नियम नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्याचे उदाहरण घेऊ. उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा चौकटीत हा तालुका वसला आहे. येथील असंख्य कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबईस नोकरी-धंद्यासाठी राहतात आणि गणपती, शिमगा व मे महिन्याची सुटी या काळात गावी येतात. वारसनोंद, सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला ही कामे त्याच चार-सहा दिवसांत उरकावयाची असतात. वेळणेश्वर किंवा हेदवीसारख्या गावाहून तालुक्याच्या ठिकाणी आलेल्या चाकरमान्यास ‘उद्या या’ म्हणून सांगितले, तर त्याचा तो ‘उद्या’ पुष्कळदा पुढच्या वर्षी उजाडतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उताराही संगणकावर उपलब्ध झाला. हक्क कायद्याने दिला आणि दाखला संगणकावर आला; तेव्हा आता त्या हक्काचा बराचसा भार दूर कोठेतरी असलेल्या यंत्रांवर आहे. ही यंत्रे कशी उभारतात आणि कशी सांभाळतात, याची तोंडओळख अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

एका यंत्रावरील भिस्त

प्रारंभीच्या काळात एक काम म्हणजे एक सर्व्हर, अशी सर्वसाधारण पद्धत होती. जमिनीच्या नोंदींसाठी एक, कराच्या वसुलीसाठी दुसरा, जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी तिसरा. या पद्धतीत दोन दोष होते. पहिला असा की, एका सर्व्हरवर झुंबड उडालेली असताना शेजारचा सर्व्हर रिकामा बसून असे. दुसरा असा की, ज्या यंत्रात बिघाड झाला त्यावरील काम पूर्णपणे थांबत असे.

यावर पहिला उपाय निघाला तो आभासी यंत्रांचा. एकाच मोठ्या सर्व्हरमध्ये अनेक स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे विभाग पाडावयाचे आणि प्रत्येक विभागास स्वतःची कार्यप्रणाली द्यावयाची, अशी ही योजना. तिच्यामुळे यंत्रांचा वापर सुधारला. परंतु प्रत्येक विभागात संपूर्ण कार्यप्रणालीचा संसार मांडावा लागत असल्याने जागा व वेळ दोन्ही अधिक खर्ची पडू लागली.

कंटेनर ही त्यापुढची पायरी होय. आभासी यंत्रे ही एकाच आवारातील स्वतंत्र घरे मानली, तर कंटेनर म्हणजे चाळीतील बिऱ्हाडे. पाया, भिंती आणि छप्पर सामाईक. प्रत्येकाची खोली, कुलूप आणि चूल मात्र निराळी. येथे पाया म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा. त्याच्या ‘नेमस्पेस’ या सोयीमुळे एका कंटेनरला दुसऱ्याचे काही दिसत नाही आणि ‘सीग्रुप’ या सोयीमुळे प्रत्येकाने स्मरणशक्ती व प्रक्रियाशक्ती किती वापरावी याची मर्यादा ठरवून देता येते. कार्यक्रम आणि त्यास लागणारे सर्व साहित्य एकाच बंदिस्त पेटाऱ्यात बांधले जात असल्यामुळे तो पेटारा कोणत्याही सर्व्हरवर नेऊन काही क्षणांत सुरू करता येतो. मार्च २०१३ मध्ये ‘डॉकर’ हे साधन प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत जगभर रूढ झाली. चाळीच्या पायालाच तडा गेला तर सर्व बिऱ्हाडांस धोका पोहोचतो, हे मात्र विसरता कामा नये. म्हणून गाभ्यातील सुरक्षाविषयक दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्या लागतात.

एस.टी. आगाराचा कारभार

पेटारे दहा-वीस असतील तर एखादा कुशल तंत्रज्ञ त्यांची देखरेख करू शकेल. परंतु अनेक सर्व्हरवर शेकडो कंटेनर चालू असताना कोणता कोठे चालवावा, कोणता बंद पडला, कोणाच्या जोडीस आणखी द्यावा, हे माणसाने रात्रंदिवस पाहणे शक्य नाही. हे काम करणाऱ्या व्यवस्थेस कंटेनरांची संचालन-व्यवस्था म्हणतात आणि तिच्या अखत्यारीतील सर्व्हरांच्या समुदायास क्लस्टर अथवा यंत्रसमूह म्हणतात.

अशा व्यवस्थांपैकी आज सर्वाधिक प्रचलित असलेली व्यवस्था म्हणजे ‘कुबरनेटिस’. गूगल या कंपनीने स्वतःच्या अंतर्गत कामासाठी ‘बोर्ग’ नावाची व्यवस्था उभारली होती. त्या अनुभवाच्या आधारे तिने २०१४ च्या जूनमध्ये कुबरनेटिस सर्वांसाठी खुली केली. २१ जुलै २०१५ रोजी तिची पहिली परिपूर्ण आवृत्ती निघाली आणि पुढे तिचा सांभाळ ‘क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन’ या संस्थेकडे आला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर ज्यास तांडेल म्हणतात, तोच हा.

या तांडेलाचा कारभार समजण्यास गुहागरच्या एस.टी. आगाराची उपमा अधिक सोयीची आहे. आगारात वेळापत्रक ठरलेले असते. चिपळूणसाठी अमुक फेऱ्या सुटल्या पाहिजेत, हे त्यात लिहिलेले असते. कोणती गाडी जाईल हे लिहिलेले नसते. एखादी गाडी नादुरुस्त झाली तर नियंत्रक दुसरी गाडी त्या फेरीस लावतो. यंत्रसमूहात गाड्यांच्या ठिकाणी सर्व्हर आहेत आणि फेऱ्यांच्या ठिकाणी कंटेनर. ‘कर-वसुलीच्या कार्यक्रमाच्या तीन प्रती सतत चालू असाव्यात’ असे एका निर्देशपत्रात लिहून दिले की, प्रत्यक्ष स्थिती त्या निर्देशाशी जुळते की नाही हे व्यवस्था अखंड पाहत राहते. तीनपैकी एक प्रत बंद पडली की ती चौथी काढत नाही, पाचवी काढत नाही; तीनच्या तीन पुन्हा होतील एवढेच करते. या व्यवस्थेचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

आगाराचे कार्यालय म्हणजे समूहाचे नियंत्रण-केंद्र. तेथे चार प्रमुख घटक असतात. प्रत्येक विनंती ज्या खिडकीतून आत येते ती खिडकी म्हणजे ‘एपीआय सर्व्हर’. समूहाची समग्र नोंदवही म्हणजे ‘इटीसीडी’. कोणते काम कोणत्या सर्व्हरवर द्यावे हे ठरविणारा तो ‘शेड्युलर’. आणि निर्देश व वस्तुस्थिती यांतील तफावत शोधून ती भरून काढणारा तो ‘कंट्रोलर मॅनेजर’. प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर ‘क्युबलेट’ नावाचा प्रतिनिधी असतो. तो गाडीच्या चालक-वाहकाप्रमाणे नेमून दिलेले काम करतो आणि आपल्या खुशालीची वर्दी केंद्रास देत राहतो.

वर्दी येणे थांबले तर काय होते? नेहमीच्या मांडणीत मिनिटभराच्या आत तो सर्व्हर अनुपलब्ध मानला जातो आणि नागरिकांच्या विनंत्या त्याच्याकडे पाठविणे बंद होते. आणखी सुमारे पाच मिनिटे वाट पाहून त्यावरील कामे अन्य सर्व्हरवर नव्याने सुरू केली जातात. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. ज्या कार्यक्रमाची एकच प्रत चालू आहे, तो या पाच-सहा मिनिटांत बंदच राहील. ज्याच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या सर्व्हरवर आहेत, त्याचा खंड नागरिकास बहुधा जाणवणारही नाही.

प्रवासी गाडीचा क्रमांक पाठ करून येत नाही; तो चिपळूणच्या फलाटावर उभा राहतो. गाडी बदलली तरी फलाट बदलत नाही. त्याचप्रमाणे कंटेनर नवे-जुने होत राहिले तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा पत्ता कायम ठेवण्याची सोय या व्यवस्थेत आहे. तिला ‘सर्व्हिस’ म्हणतात. गणेशोत्सवात कोकणासाठी जशा जादा गाड्या सोडल्या जातात, तशाच गर्दीच्या वेळी कार्यक्रमाच्या प्रती आपोआप वाढवून गर्दी ओसरल्यावर कमी करण्याची तजवीजही करता येते. दहावीच्या निकालाचा दिवस किंवा पीकविम्याच्या अर्जाची शेवटची तारीख डोळ्यांपुढे आणली, म्हणजे या सोयीचे मोल ध्यानात येईल. अर्थात आगारात गाड्याच नसतील तर जादा फेऱ्या सुटणार नाहीत. त्याचप्रमाणे समूहात शिल्लक यंत्रशक्ती राखून ठेवल्याशिवाय ही तजवीज कागदावरच राहते.

समूहाची उभारणी

उभारणीचे काम तंत्रज्ञांचे असले तरी त्याचे टप्पे जाणून घेणे कठीण नाही. ‘क्युबअ‍ॅडम’ या साधनाने समूह उभारताना प्रत्येक सर्व्हरला निदान दोन गिगाबाइट स्मरणशक्ती आणि नियंत्रण-केंद्राच्या सर्व्हरला निदान दोन प्रक्रियक असावे लागतात. ही केवळ किमान मर्यादा होय. प्रत्यक्ष कामासाठी याहून पुष्कळ अधिक लागते. प्रत्येक सर्व्हरचे नाव वेगळे असावे, सर्वांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावीत आणि त्यांच्यातील जाळ्याचे आवश्यक मार्ग, उदाहरणार्थ ६४४३ व १०२५० हे क्रमांक, खुले असावेत, ही पूर्वतयारी होय. स्मरणशक्ती अपुरी पडल्यास तबकडीचा आधार घेण्याची ‘स्वॅप’ ही सोय सर्वसाधारणपणे बंद ठेवतात.

त्यानंतर प्रत्येक सर्व्हरवर कंटेनर चालविणारे साधन, उदाहरणार्थ ‘कंटेनरडी’, बसवितात. मग पहिल्या सर्व्हरवर नियंत्रण-केंद्र सुरू करतात, कंटेनरांचा परस्परांशी संपर्क व्हावा यासाठी ‘कॅलिको’ किंवा ‘सिलियम’ यांसारखे जाळे अंथरतात आणि उरलेले सर्व्हर एकेक करून समूहात सामील करून घेतात. सामील होण्यासाठी जो परवलीचा संकेत दिला जातो, तो नेहमीच्या मांडणीत २४ तासच चालतो. जुना संकेत हाती लागलेल्या कोणीही मागाहून आपले यंत्र समूहात घुसवू नये, हा त्यामागील हेतू.

नोंदवहीची गणपूर्ती

नियंत्रण-केंद्र एकाच सर्व्हरवर ठेवले तर मूळचा दोष मागील दाराने परत येतो. म्हणून महत्त्वाच्या समूहात नोंदवहीच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवतात. त्या किती असाव्यात, हे पंचायत सदस्यांना चटकन उमजेल. कारण येथेही गणपूर्तीचा नियम आहे. कोणतीही नवी नोंद बहुसंख्य प्रतींनी मान्य केल्यावरच ती पक्की होते. तीन प्रती असतील तर बहुमत दोनांचे. म्हणजे एक बंद पडली तरी चालते. पाच असतील तर बहुमत तिघांचे. दोन बंद पडल्या तरी चालते. चार ठेवल्या तर बहुमत तिघांचेच होते आणि बंद पडलेली एकच प्रत सोसता येते. खर्च चौथ्या यंत्राचा, लाभ मात्र तीन यंत्रांइतकाच. म्हणून ही संख्या विषम ठेवतात. समूहाचे दोन तुकडे पडून त्यांचा परस्परसंपर्क तुटला, तरी बहुमत एकाच तुकड्याजवळ असू शकते. त्यामुळे दोन वेगवेगळे कारभार सुरू होऊन नोंदींची गल्लत होत नाही.

देखभाल हीच कसोटी

उभारणीस काही तास लागतात. देखभाल वर्षानुवर्षे करावयाची असते आणि बहुतेक समूह अडतात ते येथेच. त्यातील चार बाबी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली बाब प्रमाणपत्रांची. समूहातील घटक एकमेकांची ओळख डिजिटल प्रमाणपत्रांनी पटवितात. क्युबअ‍ॅडमने दिलेल्या अशा प्रमाणपत्रांची मुदत साधारणतः एक वर्ष असते. आवृत्ती बदलताना ती आपोआप नवी होतात. परंतु वर्षभर कोणी समूहास हात लावला नाही आणि नूतनीकरणही केले नाही, तर एके दिवशी सर्व यंत्रे धडधाकट असूनही कारभार ठप्प होतो. ‘चालते आहे, हात लावू नका’ हे धोरण येथे घातक ठरते.

दुसरी बाब आवृत्तीची. कुबरनेटिसच्या वर्षास साधारणपणे तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीस सुमारे १४ महिने दुरुस्त्या मिळतात. नियंत्रण-केंद्राची आवृत्ती बदलताना मधली पायरी गाळता येत नाही. एकेक पायरीच चढावी लागते. दोन वर्षे आळस केला तर अर्धा डझन पायऱ्या एकदम पुढ्यात येतात. आवृत्ती बदलताना एकेका सर्व्हरवरील कामे अन्यत्र हलवून, तो रिकामा करून मगच त्यास हात लावतात. त्यामुळे सेवा चालू ठेवून दुरुस्ती करता येते.

तिसरी बाब नोंदवहीच्या राखीव प्रतीची. नोंदवहीची प्रत ठराविक वेळाने काढून ती समूहाच्या बाहेर, शक्य तर अन्य शहरात ठेवावी लागते. प्रत काढणे पुरेसे नाही. तिच्यावरून समूह पुन्हा उभा राहतो की नाही, याची रंगीत तालीम केली पाहिजे. ज्या प्रतीवरून कधी काही परत आणून पाहिलेले नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे.

चौथी बाब गुप्ततेची. कार्यक्रमांना लागणारे परवलीचे शब्द याच नोंदवहीत साठविले जातात आणि मुद्दाम व्यवस्था केल्याखेरीज ते सांकेतिक लिपीत कुलूपबंद होत नाहीत. तेव्हा ते कुलूप लावणे आणि कोणत्या कर्मचाऱ्याने काय पाहावे व काय बदलावे याचे अधिकार वाटून देणे, ही कामे पहिल्याच दिवशी करावयाची असतात.

जे या व्यवस्थेने होत नाही

भारत सरकारने ‘मेघराज’ या उपक्रमान्वये राष्ट्रीय क्लाउड सेवा २०१४ मध्ये सुरू केली. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची विदाकेंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. नागरी स्थानिक संस्थांच्या कामांसाठी ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने तयार केलेला ‘डिजिट’ हा खुला संच लहान लहान सेवांचा बनलेला असून तो कुबरनेटिसच्या समूहावर चालविता येतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी, व्यवसाय परवाना, तक्रार-निवारण अशा कामांसाठी त्यात स्वतंत्र सेवा आहेत. एका सेवेत बिघाड झाला तरी बाकीच्या चालू राहाव्यात, हा अशा रचनेचा उद्देश. ही दिशा स्वागतार्ह आहे. तथापि तिच्याकडून भलत्या अपेक्षा बाळगू नयेत.

समूहातील सर्व सर्व्हर एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर असतील, तर ती वीज गेल्यावर गणपूर्तीचा काहीही उपयोग नाही. नागरिकांची मूळ माहिती ज्या विदागारात आहे त्याची स्वतंत्र राखीव प्रत नसेल, तर कार्यक्रमाच्या दहा प्रती चालू असूनही दाखवावयास काही उरत नाही. शिवाय चुकीची नोंद झाली, तर ती सर्व प्रतींत तितक्याच निष्ठेने पोहोचते.

गुहागरच्या दृष्टीने सर्वांत मोठी मर्यादा मार्गाची आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले आणि तेथील वीज व दूरध्वनी सेवा कोलमडली. चिपळूण गुहागरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असून तालुक्यास घाटमाथ्याशी जोडणारा गुहागर-चिपळूण-कराड रस्ता तेथूनच जातो. अशा वेळी दूरच्या विदाकेंद्रातील समूह कितीही सुस्थितीत असला, तरी मधली तार तुटली की तालुक्यापुरता तो बंदच. तेव्हा संपर्काचा दुसरा, निराळ्या वाटेने येणारा मार्ग, कार्यालयातील राखीव वीज आणि संपर्क नसताना अर्ज स्वीकारून त्याची पोच देण्याची साधी कागदी पद्धत, या तीन गोष्टी समूहाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

तालुक्याचे कर्तव्य

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की, प्रत्येक नगरपंचायतीने वा पंचायत समितीने स्वतःचा यंत्रसमूह उभारावा. दहा-बारा संगणकांच्या कार्यालयास एक साधा सर्व्हर, त्याची रोजची राखीव प्रत आणि ती परत आणण्याचा सराव एवढे पुरते. जेथे लाखो नागरिकांची कामे एकवटतात, तेथेच समूहाचा व्याप शोभतो आणि तेथेही तो सांभाळणारी प्रशिक्षित माणसे नेमल्याशिवाय नाही.

तालुका पातळीवर करावयाचे काम निराळे आहे. सेवा थांबली की कर्मचाऱ्याने तारीख, वेळ, सेवेचे नाव आणि पडद्यावर आलेला संदेश वहीत नोंदवावा. त्याच वेळी अन्य संकेतस्थळे उघडतात का, शेजारच्या कार्यालयात तीच सेवा चालते का, हे पाहावे. एवढ्याने दोष तारेचा, कार्यालयाचा की दूरच्या समूहाचा, याचा बराच उलगडा होतो. महिनाभराची अशी नोंद वरिष्ठ कार्यालयाकडे गेली, तर ‘सर्व्हर नेहमी बंद असतो’ या मोघम तक्रारीपेक्षा तिचे वजन शतपटीने अधिक असते.

पुरवठादाराशी करार करताना विचारावयाचे प्रश्नही साधे आहेत. प्रत्येक सेवेच्या किती प्रती चालू असतात? नोंदवहीची व विदागाराची राखीव प्रत कोणत्या शहरात आहे? ती परत आणून पाहण्याची तालीम शेवटची कधी झाली? प्रमाणपत्रांच्या नूतनीकरणाची जबाबदारी कोणत्या पदावरील व्यक्तीची आहे? समूह चालू असताना एक सर्व्हर मुद्दाम बंद करून दाखविता येईल काय? शेवटच्या प्रश्नास जो पुरवठादार कचरतो, त्याच्या समूहाची परीक्षा भर गर्दीच्या दिवशी होणार, हे समजून असावे.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. विषम संख्येची गणपूर्ती का, हा प्रश्न माध्यमिक शाळेच्या वर्गात फळ्यावर तीन, चार व पाच वर्तुळे काढून सहज सोडविता येतो. आणि उद्या हे समूह सांभाळणारे हात आज त्याच वर्गात बसलेले असण्याचा संभव आहे.

यंत्रे मोडतात, तारा तुटतात, प्रमाणपत्रांच्या मुदती संपतात. हे सर्व घडणार असे गृहीत धरून, ते घडले असता काय व्हावयाचे याचा निर्देश आधीच लिहून ठेवणे आणि तो पाळला जातो की नाही हे अधूनमधून तपासणे, यालाच व्यवस्थापन म्हणावयाचे. असे व्यवस्थापन जेथे आहे, तेथे चार दिवसांच्या रजेवर गावी आलेला माणूस आपला उतारा घेऊन वेळेवर परतीची गाडी गाठू शकेल.